मीटर बदललं, आता गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते. क्लस्टर प्रोग्रामिंगबद्दल मदत हवी

घाटवाट
मंडळी नमस्कार. जरा अडकलोय म्हणून धागा काढतोय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी २००८ ची डिझेल सेडान, युरोपियन. नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर ही गाडी घेतलीच का यावरच शंभर प्रतिसाद पडतील. रनिंग १ लाख ८६ हजार, मी दुसरा मालक. जुलैत ताम्हिणीतून येताना पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आत झिरपलं, मला कळलंच नाही. आधी डिझेलचा काटा नाचायला लागला, मग एक दिवस डॅशबोर्डवरच्या मीटरमधले (यालाच क्लस्टर म्हणतात) सगळे दिवे एकदम पेटले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर काळं ठिक्कर. गाडी कधी सुरू व्हायची, कधी सुरू होऊन सेकंदात बंद.

सर्व्हिस सेंटरने नवीन मीटरचे ५८ हजार सांगितले, कोडिंगचे वेगळे, तीन आठवडे थांबा. माझा चेहरा बघूनच बहुतेक तिथल्या एकाने हळूच बाहेरच्या दुकानाचा पत्ता दिला. त्या दुकानदाराने कुर्ल्याहून भंगारातलं मीटर मागवलं, साडेसहा हजार, बसवलं. काटे हलले, लाईट आली, मी खूश. पण गाडी सुरू होते आणि एका सेकंदात बंद, किल्लीचं चिन्ह लुकलुकतं. आणि किमी दिसतायत ९४,३१२. दुकानदार म्हणतो प्रोग्रामिंगचे १२ हजार होतील, गाडी सुरू करून देतो, आणि किमी असेच राहू देत साहेब, विकताना तुमचाच फायदा.

प्रश्न असे: (१) हे प्रोग्रामिंग म्हणजे नेमकं करतात काय? (२) १२ हजार जास्त आहेत का? (३) किमीचं काय करू? बायको म्हणते खोटं मीटर घेऊन फिरायचं नाही, आणि मलाही ते पटतंय.

वायरमन_उद्यमनगर
भावा, आधी एक काम कर. तुझं जुनं मीटर त्या दुकानातनं उचल आणि घरी आण. आत्ता. बाकीचं नंतर बोलू.

घाटवाट
एवढी घाई का? ते तर मेलंय ना?

वायरमन_उद्यमनगर
मेलंय कुठलं. पाणी लागलंय. तुझ्या गाडीचे खरे किमी, किल्ल्यांची ओळख, गाडीचा चेसिस नंबर, सगळं त्या मेलेल्या मीटरातच हाय. दुकानदारानं ते भंगारात टाकलं की तू कायमचा त्याच्या दारात. निघालास का?

गणूकाका
शीर्षक वाचून रिक्षाच्या मीटरबद्दल धागा आहे असं वाटून आलो होतो. आलोच आहे तर लिहितो. आमच्या प्रीमियर पद्मिनीला गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल यायची, ती कोरडी पडली की काटा थरथरायचा आणि आतून किर्र किर्र आवाज. केबल उपसायची, ग्रीस लावायचं, परत खुपसायची, झालं प्रोग्रामिंग. तुमच्या या गाड्यांना मीटर बदललं तर इंजिन रुसतं हे मला अजून समजलेलं नाही. काटा दाखवायच्या डब्याचा आणि इंजिनाचा संबंध काय?

मीनल_क
काका, प्रश्न अगदी बरोबर जागी विचारलात. मी गाड्यांच्याच इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर.

चोरी थांबवायला इममोबिलायझर आला. किल्लीच्या डोक्यात छोटी चिप असते, इग्निशनच्या कुलुपाभोवती एक कॉईल असते. किल्ली फिरवली की कॉईल त्या चिपशी बोलते आणि "ही आपलीच किल्ली" असं ठरलं तरच इंजिनाच्या ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, परवानगी जाते. हे ठरवणारा मेंदू कुठे ठेवायचा ते कंपनीगणिक वेगळं. कुणी वेगळा डबा ठेवला, कुणी बॉडी कंट्रोल मोड्यूलमध्ये (दिवे, कुलुपं सांभाळणारा डबा) घातला, आणि काही युरोपियन कंपन्यांनी त्या काळात तो सरळ मीटरच्या आतच बसवला. घाटवाट यांची गाडी त्यातलीच दिसतेय. इंजिन सुरू होऊन सेकंदात बंद पडणं ही त्याची खूण. ईसीयू सुरुवातीला डिझेल सोडतो, परवानगीची वाट बघतो, ती आली नाही की पुरवठा तोडतो. भंगारातल्या मीटरला ना तुमची किल्ली माहीत ना तुमचा ईसीयू, तो परवानगी देणार कशी.

आता प्रोग्रामिंग म्हणजे काय. या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी कामं येतात, दुकानदार तिन्हीचं एकच बिल लावतात म्हणून घोळ होतो. पहिलं कोडिंग, म्हणजे मीटरला सांगायचं की बाबा रे इंजिन डिझेल आहे, टाकी इतकी आहे, भाषा ही, सीटबेल्टची शिटी वाजवायची की नाही. हे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरांशी बोलणारं यंत्र) लावून पाच मिनिटांत होतं. दुसरं, इममोबिलायझरशी जुळवणी, त्याला गाडीचा गुप्त पिन लागतो किंवा कंपनीच्या सर्व्हरशी ऑनलाईन जोडणी. तिसरं किमीचा आकडा. कोऱ्या नवीन मीटरमध्ये तो एकदा भरता येतो, पण मीटर थोडंसं चाललेलं असलं की बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने तो आकडा बदलूच देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

गणूकाका
समजलं. म्हणजे घराचा वॉचमन घड्याळात बसवलाय.

मीनल_क
हाहा, अगदी तेच काका. आणि घड्याळ बदललं की वॉचमन नवा, तो मालकालाच आत सोडत नाही.

बिनधास्त_९१
पण ९४ हजार आपोआप आले असतील तर राहू द्या की राव. माझ्या हॅचबॅकचे पण ४० हजार मागे घ्यायचेत, विकायची आहे, कुणी कसं करतात ते सांगेल का इथे? किंवा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वायरमन_उद्यमनगर
नाही सांगणार. माझ्याकडं आठवड्याला दोघं तरी येत्यात, "दादा जरा मीटर मागं घ्या" म्हणत. हाकलतो. अरे ज्यानं तुझी गाडी घेतली त्यानं ५० हजार किमी समजून टायमिंग बेल्ट बदलला नाही, आणि खरं ९० झालेलं असलं, तर बेल्ट तुटून इंजिन बसतंय. आकड्याचा खेळ नाही हा.

टेक्ससकर
इथे अमेरिकेत याला फेडरल कायदा आहे. दुरुस्तीनंतर जुना आकडा टाकता येत असेल तर तोच टाकायचा. टाकता येत नसेल तर मीटर शून्यावर न्यायचं आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर लेखी सूचना चिकटवायची, दुरुस्तीआधी किती मैल होते आणि काम कोणत्या तारखेला झालं. ती सूचना काढून टाकणं हाही गुन्हा. विकताना सुद्धा मैलांचा आकडा सही करून द्यावा लागतो, आधी १० वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना सूट होती, आता २०११ आणि पुढच्या मॉडेलना ती मुदत २० वर्षं केलीय.

माझ्या जुन्या पिकअपचे सगळे काटे एकेक करून लटकले होते, वेगाचा काटा तर उभ्या गाडीत १२० मैल दाखवायचा. त्यात प्रोग्रामिंग काही नव्हतं, काट्यामागच्या स्टेपर मोटरी गेल्या होत्या. मोटरी मागवल्या, रविवारी स्वतः सोल्डर केल्या. मैल तसेच राहिले कारण बोर्ड तोच होता. सांगायचा मुद्दा, मीटर बिघडलं म्हणजे मीटर बदलायलाच हवं असं नाही.

बर्लिनचा_बाळू
जर्मनीत २००५ पासून मीटरचा आकडा बदलणं थेट फौजदारी गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. तरी लोक करतातच म्हणा, जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळीकडे माणसं सारखीच.

अॅडव्होकेट_तासगावकर
आपल्याकडे जुनी गाडी खोटे किमी दाखवून विकली तर फसवणुकीचं कलम लागू शकतं. पूर्वी ४२० म्हणायचो ते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३१८. शिवाय डीलरकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग आहेच. सध्या मीटर बदलल्याचं बिल जपून ठेवा, त्यावर जुने किमी लिहून घ्या.

बिनधास्त_९१
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घाटवाट
आणलं!! जुनं मीटर आणलं. दुकानदार आधी म्हणाला "भंगारवाला घेऊन गेला", मग मी तिथेच स्टुलावर बसून राहिलो, अर्ध्या तासाने मीटर त्याच्याच काउंटरखाली सापडलं. वायरमनदादा, दंडवत.

दोन्ही मीटरांचे फोटो टाकलेत. जुन्याच्या मागचा सॉकेट हिरवा पडलाय. आताचा प्रश्न: इन्शुरन्समध्ये बसेल का हे?

अॅडव्होकेट_तासगावकर
नेहमीच्या पॉलिसीत इलेक्ट्रिकल बिघाड वगळलेला असतो. गाडी पुरात बुडाली असती तर गोष्ट वेगळी. रबरातून झिरपलेल्या पाण्यावर भांडण होईल, पैसे मिळतील असं वाटत नाही.

मीनल_क
फोटो मोठा करून बघितला. घाटवाट, भंगारातल्या मीटरचा आरपीएमचा डायल ८ पर्यंत आहे आणि लाल पट्टा साडेसहाच्या आसपास सुरू होतो. तुमच्या जुन्याचा ६ पर्यंतच आहे. हे पेट्रोल गाडीचं मीटर आहे हो! डिझेल गाडीत असतो तो ग्लो प्लगचा पिवळा दिवा, तो स्प्रिंगसारखा, तो पण बघा त्यात दिसतो का.

घाटवाट
नाही दिसत. म्हणजे साडेसहा हजार गेले??

वायरमन_उद्यमनगर
अगदीच गेले न्हाईत. त्याचे सुटे भाग कामाला येत्यात. येत्या शनिवारी कोल्हापूरला येणार असशील तर दोन्ही मीटरं घेऊन ये, दोन्ही किल्ल्या आण. गाडी आणायची गरज नाही, आणि तशीही ती येणार न्हाईच म्हणा.

आणि मीटर गाडीतून काढताना बॅटरीची निगेटिव्ह काढूनच काढ. इग्निशन चालू ठेवून सॉकेट उपसला की एअरबॅगचा दिवा पेटून बसतो, मग त्याच्यामागं वेगळं पळावं लागतं.

कोकणी_खेकडा
वाखुसा (वाचनखूण साठवली). पण मला एक समजत नाही, किमी एका चिपमध्ये असतात तर गाडी हजारो वेळा आकडा बदलते, चिप खराब कशी होत नाही?

मीनल_क
छान प्रश्न. ती ईईप्रॉम जातीची आठ पायांची चिप असते, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. बॅटरी काढली तरी तिच्यातलं पुसलं जात नाही. एका जागी साधारण १० लाख वेळा लिहिता येतं असं बनवणारे सांगतात. मोठा आकडा वाटतो ना? पण समजा मीटर दर १०० मीटरला एकाच जागी लिहायला लागलं तर १ लाख किमीतच ते १० लाख संपले. म्हणून आकडा आलटून पालटून बऱ्याच जागी लिहितात, झीज वाटली जाते, आणि एखादी जागा खराब झालीच तर बाकीच्यांवरून खरा आकडा कळतो. आणि अलीकडच्या गाड्यांत किमी फक्त मीटरमध्ये नसतातच, बॉडी कंट्रोल, एबीएस, गिअरबॉक्स, कधी कधी किल्लीत पण नोंद असते. काही जर्मन गाड्यांत मीटर आणि लाईटचं मोड्यूल यांचे किमी जुळले नाहीत तर डिस्प्लेवर एक ठिपका कायमचा पेटतो. जाणकार माणूस गाडी घेताना तोच ठिपका आधी शोधतो.

हौशी_सोल्डर
मग घरीच करता येईल की. पुण्यात तपकीर गल्लीत ३००-४०० रुपयांत चिप वाचायचा-लिहायचा प्रोग्रामर मिळतो आणि क्लिप मिळते, चिपवर चिमटा लावला, वाचलं, नवीन चिपवर लिहिलं. व्हिडिओ बघितलेत मी.

मीनल_क
व्हिडिओत चिमटा लावला की पहिल्याच फटक्यात वाचलं जातं. प्रत्यक्षात चिमट्यातून गेलेली वीज चिपपुरती थांबत नाही, बोर्डाच्या बाकीच्या भागालाही जागं करते, मीटरचा प्रोसेसर उठतो आणि तो पण त्याच चिपशी बोलायला लागतो. दोघं एकाच वेळी बोलतात आणि वाचलेलं कचरा निघतं. वर त्या स्वस्तातल्या काळ्या प्रोग्रामरच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात, ३.३ वर चालणारी चिप असेल तर तिला ते झेपेलच असं नाही. मी तर एकच नियम पाळते, तीन वेळा वाचायचं, तिन्ही फाईली एकमेकींशी तंतोतंत जुळल्या तरच पुढे हात लावायचा, आणि लिहायच्या आधी मूळ फाईल दोन ठिकाणी जपून ठेवायची. लोक उलटं करतात, आधी लिहितात आणि मग विचारतात मूळ फाईल कुठे मिळेल.

शिवाय २००८ ची गाडी आहे म्हणून ही चिप तरी कामाची. नंतरच्या बऱ्याच मीटरांत चिपमधला मजकूर त्याच मीटरच्या प्रोसेसरशी बांधलेला असतो, चिप दुसऱ्या बोर्डावर नेली की काहीच कळत नाही. तिथे अधिकृत ऑनलाईन जुळवणीशिवाय इलाज नाही, आणि ५८ हजारांवर रागावून उपयोग नाही.

घाटवाट
अपडेट द्यायला उशीर झाला, क्षमस्व. शनिवारी पहाटे एसटीने कोल्हापूर गाठलं, पिशवीत दोन मीटरं. उद्यमनगरात दादांचं दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, भिंतभर मीटरांचे सांगाडे लटकलेले. जमेल तसं लिहितो, चुकलं तर दादा दुरुस्त करतील.

जुन्या मीटरची मागची बाजू उघडली. सॉकेटच्या पिनांपासून एक हिरवट पांढरा पट्टा बोर्डावर पसरला होता, बरोबर वीज नियंत्रित करणाऱ्या भागापर्यंत. दादांनी आधी जुन्या टूथब्रशने आणि आयसोप्रोपाईल अल्कोहोलने सगळं घासलं, वाळवलं, आणि तरीही लगेच वीज दिली नाही. म्हणाले पहिल्यांदा चिप. चिपच्या एका पायाखाली गंज. बोर्डावरच वाचायचा प्रयत्न केला, तीन वेळा तीन वेगळ्या फाईली! माझ्या पोटात गोळा. मग हॉट एअरने चिप उचलली, पाय साफ केले, सुट्या सॉकेटात ठेवून वाचली. २४सी३२ निघाली, म्हणजे एकूण ४०९६ बाईट. अख्ख्या गाडीची ओळख चार केबीत! परत वाचली, परत वाचली, तिन्ही फाईली सारख्या. मग दादांनी चहा मागवला, त्याआधी नाही.

वायरमन_उद्यमनगर
पाय खाल्लेली चिप परत बसवायची नसती. तेवढंच लिहायला विसरला. नवी २० रुपयांची चिप घेतली, तीच फाईल जशीच्या तशी लिहिली, परत वाचून ताडून बघितली आणि तीच बसवली. आत एक बाईट पण बदललेला न्हाई.

घाटवाट
हो, तेच लिहिणार होतो. आणि खरी गंमत पुढे. मला वाटत होतं आता पेट्रोलवाल्या मीटरमध्ये ही चिप टाकणार. दादा म्हणाले कशाला, त्याचा डायल वेगळा, आतलं सॉफ्टवेअर वेगळं असलं तर अजून डोकेदुखी. त्यांनी पेट्रोलवाल्या मीटरचा सॉकेट आणि तो व्होल्टेज रेग्युलेटर काढून माझ्या मूळ बोर्डावर बसवला. दोन ठिकाणी गंजलेली वाट केसाएवढ्या तारेने जोडली. मग पॉवर सप्लायवर मीटर लावलं, काटे शेवटपर्यंत जाऊन परत आले आणि डिस्प्लेवर आलं १८६२४७. सांगायला लाज वाटत नाही, डोळ्यात पाणी आलं.

पुण्यात येऊन रात्रीच बसवलं. पहिल्या किल्लीला गाडी सुरू, आणि सुरूच राहिली. दुसऱ्या किल्लीलाही. ओळखीच्याकडे स्कॅनर लावून जुने फॉल्ट पुसले. एकूण खर्च साडेतीन हजार, एसटी आणि मिसळ धरून चार.

मीनल_क
वा! म्हणजे शेवटी गाडीला प्रोग्रामिंग लागलंच नाही, फक्त चिपची नक्कल. १२ हजार वाचले.

दोन गोष्टी मात्र कराच. काचेचं रबर आधी बदला, नाहीतर पुढच्या जुलैत हाच धागा वर येईल. आणि डिझेलचा काटा रिकाम्या टाकीपासून पाच पाच लिटर टाकून एकदा तपासा, काट्याची मोटर पाण्यात राहिली होती.

घाटवाट
रबर बदललं, सीलंट पण मारलं. डिझेलचा काटा बरोबर आहे. पण वेगाचा काटा १०० वर असताना मोबाईलचं जीपीएस ९४ दाखवतं. काटा बिघडला का? आधी कधी तपासलं नव्हतं.

मीनल_क
बिघडलेला नाही. युरोपियन गाड्या युएनच्या आर-३९ नियमाने बनतात. त्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त मात्र चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक ४ किमी इतकं. म्हणजे खरा वेग १०० असेल तर काटा ११४ पर्यंत गेला तरी नियमात, ९९ दाखवला तर नाही. म्हणून कंपन्या मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. तुमचे ६ किमी अगदी घरंदाज आहेत.

गणूकाका
आमची पद्मिनी उतारावर ९० दाखवायची तेव्हा आम्ही मित्रांना अभिमानाने सांगायचो. आता कळलं.

अॅडव्होकेट_तासगावकर
बिल घेतलंत का?

घाटवाट
घेतलं. दादांनी वहीच्या पानावर लिहून दिलंय: गाडी नंबर, तारीख, मीटर दुरुस्त केले, किमी १८६२४७ होते तेच आहेत, सही. विकायला काढली की हे पान फाईलीत पहिलं लावणार.

वायरमन_उद्यमनगर
पंचवीस वर्षांत असलं बिल पहिल्यांदा लिहिलं. बायकोला दाखवलं.

कोकणी_खेकडा
अवांतर: ते पेट्रोलवालं मीटर विकणार का? आमच्याकडे बहुतेक तीच गाडी पेट्रोलमध्ये आहे, आणि डिस्प्लेचे अर्धे आकडे गेलेत.

घाटवाट
त्याचा सॉकेट आणि रेग्युलेटर गेलेत, डिस्प्ले झकास आहे. तसंच घ्या, कुरिअरचे पैसे तेवढे द्या. पत्ता व्यनि करा. आतली चिप मात्र वापरू नका, ती कुणाच्या तरी ९४ हजारांची आहे.